बेंचमार्कची बांधणी आणि धाव : कुलाबा ते ‘एका’

महाराष्ट्रातील संगणकाच्या इतिहासात यंत्रांची नावे व क्रमांक जतन झाले आहेत; त्यांच्यावर चाललेल्या आज्ञावली कोठे व कशा बांधल्या गेल्या, याकडे मात्र दुर्लक्ष झालेले दिसते. क्षमता मोजणाऱ्या आज्ञावलीबाबत, म्हणजेच बेंचमार्कबाबत, हा प्रश्न गौण नाही.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक २,०४८ शब्दांच्या स्मृतीवर सर्व कामे स्वतःच करी. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६००-१६०ए ही जोडी आली. श्रमविभागणी नावातच होती : लहान १६०ए निविष्टी-निर्गतीसाठी, मोठा ३६०० गणितासाठी. हेतू अर्थात काटकसरीचा; महागड्या यंत्राचा वेळ कार्डे वाचण्यात जाऊ नये, एवढाच.

मापनात ही विभागणी अन्य कारणाने आवश्यक ठरते. कंपायलर चालू असलेल्या यंत्राचा प्रोसेसर व स्मृती त्यातच गुंतलेली असते, त्यामुळे तेथील वेळमापन विश्वसनीय राहत नाही. शिवाय प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र बांधणी केल्यास आढळलेला फरक यंत्राचा की बांधणीचा, हे ठरवता येत नाही. म्हणून एकत्र जोडलेल्या संगणकसमूहात आज्ञावली एका ठिकाणी बांधून सर्व यंत्रांवर चालवण्याचा प्रघात आहे. अर्थात, बांधणी करताना लक्ष्य-यंत्राचा प्रोसेसर ध्यानात घ्यावा लागतो. अन्यथा त्याच्या वेगवान सूचना वापराविना राहतात.

मुंबईच्या फोर्ट भागात मुख्यालय असलेल्या टाटा सन्सच्या उपकंपनीने पुण्यात उभारलेला ‘एका’ हा असाच संगणकसमूह. नोव्हेंबर २००७ च्या ‘टॉप५००’ यादीत तो जगात चौथा ठरला. समीकरणे सोडवणाऱ्या लिनपॅक बेंचमार्कवर त्याचा वेग ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सैद्धांतिक १७०.९ च्या ६९ टक्के, नोंदला गेला. जून २००८ मध्ये गणनगाभे १४,२४० वरून १४,३८४ झाले, वाढ जेमतेम एक टक्का. वेग मात्र १३२.८ टेराफ्लॉप्सवर, सुमारे साडेबारा टक्क्यांनी वर गेला. गाभ्यांच्या संख्येतून हा फरक निघत नाही. तो बांधणीत, गणिती ग्रंथालयांच्या जुळणीत किंवा यंत्रांना जोडणाऱ्या जाळ्याच्या वापरात शोधावा लागतो. क्रमवारीच्या मुख्य तक्त्यात गाभे व वेग छापले जातात. कंपायलर आणि त्याचे पर्याय तेथे येत नाहीत. त्या तक्त्यापुरते पाहणाऱ्यास एवढेच दिसेल, की सहा-सात महिन्यांत ‘एका’ चौथ्या स्थानावरून आठव्या स्थानी घसरला.