कणगीची राखणदार

आमच्याकडे मांजर पाळली असं कोणी म्हणत नसे. बैल पाळलेले, म्हैस पाळलेली, कुत्राही पाळलेला म्हणायचा, जरी तो दिवसभर गावभर हिंडे. मांजर मात्र नुसती असे. तिला कधी आणली, कुठून आणली याचा हिशेब कोणाजवळ नव्हता. आधीच्या मांजरीच्या पोटची ही आणि हिच्या पोटची पुढची, एवढंच. तिला नावही नव्हतं. बाई असली तर मनी, बुवा असला तर बोक्या, की झालं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, जवारी-कपाशीचं. घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. मधल्या खोलीत दोन कणग्या, विणून शेणामातीनं लिंपलेल्या, माणसाच्या छातीला लागतील एवढ्या. वर्षाची जवारी एकीत, दुसरीत तूर नाहीतर गहू. कणगी वरून कितीही भक्कम दिसली तरी तिचं बूड मातीचं, आणि उंदराला माती म्हणजे पुरणपोळी. एक उंदीर दिवसाला दीड-दोन तोळे धान्य खातो. खातो त्यापेक्षा सांडतो आणि घाण करतो ते जास्त. घरात पाच-पंचवीस उंदीर म्हटले तर वर्षाकाठी किती पायल्या गेल्या, याचा हिशेब आजी बोटांवर करून दाखवी. म्हणून रोज धार काढली की फुटक्या परळात मांजरीला घोटभर दूध मिळे. ते लाडाचं दूध नव्हतं, मजुरी होती. त्यापेक्षा जास्त देऊ नये, पोट भरलेली मांजर उंदीर धरत नाही, ही आजीची पक्की समजूत. जाणकार आता सांगतात की मांजर भरल्या पोटीही शिकार करते. पण आजीला हे सांगायची कोणाची टाप होती? बाकीचं दूध शिंक्यावर. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं ही म्हण आमच्या घरात म्हण नव्हती, महिन्या-दोन महिन्यांतून होणारी घटना होती.

या मांजरीवर आजीनं हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. दुधात तोंड घातलं तरी नाही. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, हे कारण ती आम्हा पोरांना सांगे. खरं कारण दुसरं होतं, आणि ते ती क्वचितच बोले. ते म्हणजे प्लेगचं साल.

शाळेत आम्ही प्लेग शिकलो तो पुण्याचा. 1896 साली मुंबईत मांडवी भागात रोग आला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडनं घरझडत्या केल्या, 22 जून 1897 रोजी चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी गेल्या. हे सगळं पाठ होतं. पण तोच रोग पुढं रेल्वेनं आणि धान्याच्या, कपाशीच्या गाड्यांबरोबर खेड्यापाड्यांत शिरला आणि वीस-पंचवीस वर्षं मुक्काम करून राहिला, देशात कोटीवर माणूस घेऊन गेला, हे पुस्तकात दोन ओळींत संपे. आमच्या वऱ्हाडचं तर त्यात नावही नव्हतं. मला वाटतं, शहरातल्या मरणाला तारीख असते म्हणून त्याचा इतिहास होतो. खेड्यातल्या मरणाला "त्या साली" एवढंच म्हणतात.

आजी त्या साली आठ-नऊ वर्षांची असेल. ती सांगे, "आधी उंदीर पडले बापू. वळचणीतून पटापट, भर दिवसा. झिंगल्यावानी गोल फिरायचे अन् पडायचे. उंदीर पडला म्हंजे गाव उठलं म्हून समज." सगळं गाव घरांना कड्या लावून शेतात गेलं. पऱ्हाट्यांचे कुड, वर कडबा, अशा खोपटांत दोन-अडीच महिने काढले. ऐन हिवाळा. धान्य लागेल तेवढंच काढून नेलेलं, बाकीचं गावात कणग्यांत. तोवर आजीची थोरली बहीण काखेत गाठ येऊन चौथ्या दिवशी गेली होती. शेतात गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरची मांजर मागोमाग आली. दोन मैल.

आणि इथं भांडण लागलं. गावातल्या काही जाणत्या माणसांचं म्हणणं, मांजर मेलेले उंदीर तोंडात धरून आणते, तीच रोग आणते, तिला ठेचा. आजीच्या आईनं मांजर लुगड्याच्या पदराखाली घेतली आणि उभी राहिली. लेक गेली होती, पोटातलं सगळं वाळून गेलं होतं, त्या बाईसमोर कोणी काठी उचलली नाही. मांजर राहिली. त्या खोपटात पुढं कोणी आजारी पडलं नाही. आजीच्या लेखी हा पुरावा होता. "ते मांजर नसतं तर मीबी नसतो, अन् मंग तूबी नसता," असं म्हणून ती विषय मिटवी. आमच्या घरातली मांजर ही त्याच मांजरीच्या वंशातली, हाही तिचा दावा. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं पाटीत झाकून एक पिल्लू सोबत दिलं होतं.

मी हे आजीचं म्हणून ऐकत आलो. पुढं नोकरीच्या निमित्तानं जुनी पुस्तकं चाळायची सवय लागली तेव्हा एक गोष्ट हाती आली आणि मी चकित झालो. आमच्याच अमरावतीला तेव्हा अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचा सिव्हिल सर्जन होता. त्यानं गावोगाव मांजरांची मोजणी करवली. कोणत्या गावात किती घरं, त्यातल्या किती घरांत मांजर, आणि तिथं प्लेग किती. त्याला दिसलं की निम्म्याहून जास्त घरांत मांजर आहे अशी गावं प्लेगमधून बरीच वाचली. 1908 साली त्यानं हे विलायतेतल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं. लेखाचा मथळाच मांजर प्लेग रोखते अशा अर्थाचा. सरकार लस टोचत होतं, कौलं काढून घरात ऊन सोडत होतं, आणि हा गोरा माणूस म्हणत होता, मांजरं पाळा.

त्याच्या म्हणण्याला तोवर आधारही मिळाला होता. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं होतं की रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ जे ऊबदार अंग मिळेल त्यावर जातात. घरात उंदीरच कमी, तर पिसवाही कमी. गाव सोडून शेतात जाणं म्हणूनच कामी येई, लोकांना पिसवांचं ठाऊक नसतानाही.

पण खरं सांगायचं तर त्या काठीवाल्या माणसांचंही सगळं चूक नव्हतं. मांजरीला प्लेग होतो, आणि तिच्याकडून माणसाला लागू शकतो, हे आता सिद्ध आहे. आजीच्या आईनं पदराखाली घेतलं ते वाचवणारं जनावर होतं की धोक्याचं, हे त्या दिवशी कोणालाच कळणं शक्य नव्हतं. तिनं रोगाचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. एक लेक गेली, आता घरातलं आणखी काही जाऊ देणार नाही, एवढंच असेल.

आजी गेली 1972 च्या दुष्काळाच्या आधी, बरं झालं. त्या वर्षी कणग्या रिकाम्या झाल्या आणि उंदीर आपोआप गेले. रेशनवर लाल मिलो मिळे, तो आणला त्या दिवशीच दळायला जाई, साठवायला उरतच नसे. परळात दूध पडेना. मांजर तरी टिकून राहिली, सरडे-टोळ खाऊन, अंगाचं नुसतं चिपाड झालेलं.

ती टिकली ती दुष्काळातून. गेली ती सुकाळात.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात लोक घराच्या भीतीनं बाहेर शेडमध्ये राहू लागले आणि धान्य मात्र तडे गेलेल्या रिकाम्या घरांत ठेवलं. माणूस नाही, धान्य आहे: उंदरांचं राज्य झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला, आणि सप्टेंबरात सुरत. पेपरात "प्लेग" हा शब्द वाचून माझे वडील, कधी न घाबरणारे, त्या रात्री बॅटरी घेऊन कोठीमागे उंदीर शोधत बसले. आजीची गोष्ट त्यांच्या कानात माझ्याहून जुनी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तालुक्याहून विषाच्या वड्या आणल्या. हे विष असं असतं की उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं बंद होतं आणि तो चार-पाच दिवसांनी, सुस्त होत होत मरतो. असा सुस्त उंदीर मांजरीला आयता सापडतो.

आठवड्याभरात ती कणगीच्या जागी आलेल्या पत्र्याच्या कोठीखाली जाऊन बसली, बाहेर आली नाही. नाकातून रक्त येत होतं. ढोरांच्या डॉक्टरला विचारलं, तर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेळेवर दिलं तर वाचतात म्हणाला. त्या गावी ते नव्हतं. वडिलांनी तिला गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून निंबाखाली पुरलं. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही, खड्डाही स्वतःच खणला.

त्या वड्या पुन्हा घरात आल्या नाहीत. पत्र्याच्या कोठीला उंदीर तसाही शिरत नाही, आणि आता सोयाबीन तर शेतातूनच थेट मार्केटला जातं. मांजरीला काम उरलेलं नाही. तरी माझी आई, पंच्याऐंशीच्या पुढची, गल्लीतल्या कोणाची मांजर व्याली की चौकशी करते, पिल्लाचे पाय पांढरे हायेत का. आजीबरोबर पाटीतून आलेल्या त्या पिल्लाचे पांढरे होते म्हणे.