बिनमालकाची मढी, मालकीची पोरं

एक ओळ छापायची राहून गेली आणि त्यातून अख्खा धंदा उभा राहिला. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये जॉर्ज रोमेरो यांचा एक कृष्णधवल भयपट लागला. खर्च सव्वा लाख डॉलरच्याही आत. त्याचं नाव आधी ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ ठरलं होतं; वितरकाने ते बदलून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केलं. नावाची पाटी नव्याने केली, पण जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायला कुणाला सुचलं नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्कही नसे. मेल्यावर उठून, पाय ओढत, माणसं खात हिंडणारं आधुनिक मढं असं जन्मालाच बेवारस आलं. रोमेरोंच्या पदरात त्याचं फारसं काही पडलं नाही. बाकी जगाने मात्र हात धुऊन घेतले.

या बेवारस मढ्याची एक पाती आज घरोघरच्या टेबलांवर नांदते आहे. जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीच्या, प्लॅस्टिकच्या नाहीतर धातूच्या मूर्ती. हौशी मंडळी त्यांना नुसतं ‘मिनी’ म्हणतात. एका बाजूला पन्नास-साठ झोंबी, दुसऱ्या बाजूला चार-सहा जिवंत माणसं, मध्ये पुठ्ठ्याचं शहर आणि फासे. खेळ एका संध्याकाळी आटोपतो, मूर्ती रंगवण्यात महिने जातात. नवख्या माणसाला त्या पाहून पहिला प्रश्न पडतो तो असा, की भयपटाच्या पोटची ही मंडळी कार्टूनसारखी का दिसतात?

कारण त्यांचं आजोळच ते. रोमेरो लहानपणी ईसी कॉमिक्स वाचत वाढले. १९५० मध्ये निघालेलं ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ हे त्यातलं गाजलेलं नियतकालिक, आणि त्याच्या पानांवर कुजकी मढी आपल्या खुन्यांचा सूड घ्यायला हमखास उठून येत. मुलं बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटपर्यंत प्रकरण गेलं, आणि १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात चालत्या मढ्यांवर नाव घेऊन बंदी होती. १९७१ मध्ये ती सैल केली तेव्हा रक्तपिपासू आणि लांडगेमानव आत आले, झोंबी बाहेरच राहिला. मार्व्हल कंपनीने मग त्याला ‘झुव्हेंबी’ म्हणून मागच्या दाराने आत घेतलं. सोवळं पाळल्याचं समाधान आणि खपही, असा हा सोयीस्कर उपाय होता.

पहिला सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे मढ्याचा रंग कोणता हे दहा वर्षं रोमेरोंना ठरवावं लागलं नाही. ते काम १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये टॉम सॅव्हिनी यांच्यावर आलं. त्यांनी करडा रंग फासला आणि चित्रीकरणाच्या मॉलमधल्या दिव्यांखाली, फिल्मवर, तो निळसर उमटला. नकली रक्त तर असं भडक दिसलं की मेणाचे लाल खडू वितळवल्यासारखं. सॅव्हिनी हळहळले, रोमेरोंना मात्र ते आवडलं, कॉमिकच्या छपाईला शोभेलसं वाटलं. आजही झोंबी रंगवायला बसलेला माणूस करडा, निळा, हिरवा, जांभळा यातला कुठलाही रंग उचलतो आणि तो चुकला असं कुणी म्हणत नाही. रंगवणाऱ्याला इतकी मोकळीक दुसऱ्या पात्रात क्वचितच मिळते.

टेबलाकडून आलेलं घराणं वेगळं. ब्रिटनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिशाचे सैनिक स्वस्तात ओतायला सुरुवात केली, एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून अशा सैनिकांच्या खेळाला नियम दिले, १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने सैन्याऐवजी एकेका वीराची मूर्ती मागितली. पुढे ब्रिटनमधल्या सिटाडेलसारख्या कंपन्यांनी मापाचा एक सांगावासा घोळ घातला. मूर्ती २८ मिलिमीटरची म्हणायची, पण डोकं, पंजे आणि शस्त्रं मापापेक्षा बरीच मोठी ठेवायची. हातभर अंतरावरून चेहरा दिसला पाहिजे, आणि धातूची बारीक काडी साच्यातून काढताना मोडता कामा नये, ही त्यामागची साधी कारणं. पण मोठं डोकं आणि जाड पंजे म्हणजे व्यंगचित्रच की! झोंबी टेबलावर येण्याआधीच टेबल अर्धं कार्टून झालेलं होतं.

२००१ मध्ये ‘झोंबीज’ या खेळाने एका खोक्यात शंभर प्लॅस्टिकचे झोंबी दिले. बेताच्याच कामाचे, पण शंभर! खरी उडी २०१२ ची. फ्रान्सच्या गिलोटिन गेम्सने ‘झोंबिसाइड’ हा खेळ किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मांडला. प्लॅस्टिक ओतायला पोलादी साचे लागतात, ते फार महाग. म्हणून तोवर लहान कंपन्या रबरी साच्यात धातू ओतून शेकड्याने माल काढत. इथे गिऱ्हाइकांनीच पैसे आधी दिले. पाच हजारांहून जास्त लोकांनी मिळून ७ लाख ८० हजार डॉलर जमवले आणि खोक्यात ७१ मूर्ती आल्या, त्यातल्या ६५ मेलेल्या. जिवंत सहांमध्ये पायात चाकं लावलेली वेट्रेस वांडा, पोलीस फिल, ऑफिसातला डग. चित्रं ठसठशीत रेषांची, कॉमिकच्या मुखपृष्ठासारखी.

आणि याच मोहिमेने एक चटक लावली. रकमेचा नवा टप्पा गाठला की एक जादा मूर्ती, पुढे दुकानात न मिळणारी. या जादा मंडळींपैकी कित्येकांचे चेहरे ओळखीचे होते. सिनेमातला कुणी, मालिकेतला कुणी. नाव निराळं, पण जॅकेट तेच, दाढी तीच. लहान धातूवाले हे आधीपासून करतच होते. ब्रिटनच्या क्रूकेड डाइसचा ‘सेव्हन टीव्ही’ हा खेळ तर जुन्या टीव्ही मालिकांच्या अशाच विडंबनावर उभा आहे. झोंबी फुकटचा, पण त्याच्याशी लढणारा लोकप्रिय चेहरा कुणाच्या तरी मालकीचा. म्हणून चेहरा घ्यायचा आणि नाव सोडायचं.

या तोतयांमध्ये संग्राहकांचा जीव सर्वांत जास्त कशावर जडला असेल, तर चार पोरं आणि एका कुत्र्याच्या टोळीवर. ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ ही मालिका १३ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, म्हणजे रोमेरोंच्या मढ्यानंतर वर्षभराच्या आत. ती काढणाऱ्या हाना-बार्बेराचा कारखाना काटकसरीवर चाले. चित्रं कमीत कमी काढायची, जुनी पुन्हा वापरायची. त्यांच्या योगी अस्वलाला कॉलर आणि टाय का, तर धड स्थिर ठेवून नुसतं डोकं हलवताना मानेचा सांधा झाकला जावा म्हणून. पात्रांचे कपडे कधी बदलत नसत, कारण प्रत्येकाच्या रंगांचा तक्ता एकदाच ठरलेला. वेल्माचा नारिंगी स्वेटर आणि लाल स्कर्ट, डॅफ्नीचा जांभळा झगा आणि हिरवा स्कार्फ, शॅगीचा हिरवा टी-शर्ट, फ्रेडच्या गळ्यात नारिंगी रुमाल. पैसे वाचवायला केलेली ही सोय पन्नास वर्षं डोळ्यांत बसली.

गंमत अशी, की ही पोरंही मुळात तोतयाच. ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ या १९५९ च्या विनोदी मालिकेतल्या चौकडीवर ती बेतलेली आहेत. शॅगीची हनुवटीवरची दाढी सरळ तिथल्या मेनार्डची. कुत्र्याचं चित्र इवाओ ताकामोतो यांनी काढलं. ग्रेट डेन पाळणाऱ्या सहकारी बाईंकडून त्यांनी उमद्या कुत्र्याची लक्षणं समजून घेतली आणि नेमकी उलटी रेखाटली. पाठीला पोक, पाय फेंगडे. तेव्हा त्या टोळीच्या नकला निघाल्या म्हणून फार डोळे वटारण्यात अर्थ नाही.

ही टोळी झोंबींसमोर उभी करण्यात जी खुमारी आहे ती दुसऱ्या कुठल्या कार्टूनला येणार नाही. मालिकेत भूत शेवटी खोटंच निघायचं. मुखवटा ओढला की आत कुणीतरी जमिनीवर डोळा ठेवलेला इरसाल गृहस्थ. १९९८ च्या ‘स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड’ या चित्रपटाने तो शिरस्ता मोडला आणि खरे झोंबी आणले. टेबलावरही वेल्मा कितीही हुशार असली तरी इथला मुखवटा निघत नाही.

आता रंगाकडे. बिनरंगी करड्या मूर्तीत शॅगी शॅगी नसतो; दाढीवाला, खांदे पाडलेला कुणीही किडकिडीत पोरगा असतो. कारागिराने कायद्याच्या धाकाने नाव काढून घेतलेलं असतं, चेहराही थोडा फिरवलेला असतो. ते नाव परत देतो रंगवणारा, टी-शर्टला हिरवा लावून. तोच टी-शर्ट निळा केला की तो पोरगा पुन्हा अनामिक. म्हणजे अर्धा चोरीचा माल कारखान्यात घडतो आणि उरलेला अर्धा गिऱ्हाइकाच्या दिव्याखाली, जिथे कुणाची नोटीस पोचत नाही. मला या छंदातलं हेच सर्वांत आवडतं.

त्यातही वेल्मा कसोटी पाहते. नारिंगी रंग झाकायला कच्चा; करड्या प्रायमरवर थेट लावला तर तीन हात देऊनही मळकटच राहतो. म्हणून आधी फिका गुलाबी किंवा पांढरा हात द्यायचा, मग पातळ नारिंगी, सुकू द्यायचं, पुन्हा नारिंगी. चष्मा त्याहून अवघड. डोकं वाटाण्याएवढं, त्यावर काचेभोवती चौकट आखायला गेलात तर ती गालावर उतरते. युक्ती उलटी आहे: दोन्ही डोळ्यांच्या जागी काळे ठिपके सरळ भरून टाकायचे आणि मग त्यांच्या आत पांढरा असा टेकवायचा की कडेने काळी रेघ आपोआप शिल्लक राहील. ब्रश केसाएवढा बारीकच हवा असं नाही. टोक मात्र शाबूत हवं, आणि रंग ब्रशवर सुकायच्या आत हात चालला पाहिजे.

पासष्ट मढ्यांना एवढे लाड परवडत नाहीत. एकेकाळी लोक त्यांच्यावर ढोबळ रंग मारून लाकडाच्या तपकिरी पॉलिशमध्ये सरळ बुडवून काढायचे. पॉलिश खाचांत साचलं की सावली तयार. २००७ मध्ये सुरू झालेल्या डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीने तीच क्लृप्ती डब्यात भरून विकली. सिटाडेलने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले. उंचवट्यावर फिके आणि खाचेत गडद, एकाच हातात. सोवळ्या रंगाऱ्यांनी नाकं मुरडली. मढ्यांचे ढीग मात्र उरकू लागले.

हल्ली कार्टूनपणा यावा म्हणून सगळ्याच मूर्तींना काळ्या कडा मारण्याची लाट आहे; २००९ च्या ‘बॉर्डरलँड्स’ या व्हिडिओ गेमनंतर ती पाहण्याची सवय झाली. जिवंत चौघांना ती शोभते. झोंबींना मारू नये असं माझं मत, आणि त्याला आधार जुन्या स्कूबीचाच आहे. त्यात पात्रं सपाट रंगांची, पण मागचा वाडा, झाडं, धुकं हे सगळं छायाप्रकाशासह रंगवलेलं असे. म्हणून तर भिंतीतली कोणती वीट सरकणार हे आपल्याला आधीच कळायचं. तेवढी एकच सपाट असायची. तोच न्याय टेबलावर लावावा. पोरं सपाट, कडा काळ्या. मढी मात्र पातळ गडद रंगाचा वॉश देऊन, कोरड्या ब्रशने घासून, पार्श्वभूमीसारखी काळवंडलेली. नजर आपोआप पोरांवर जाते.

आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं तेव्हा शाळेतून येऊन त्याच्यासमोर बसणारी पिढी आता स्वतःच्या पैशाने खेळणी घेण्याच्या वयात आहे. झोंबीही परका राहिलेला नाही. २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’मध्ये तो गोव्यात उतरला आणि २०२२ च्या ‘झोंबिवली’त डोंबिवलीत. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा उभा करणाऱ्यांना मापाच्या घोळाचंही काही वाटायचं कारण नाही. अडतं ते पैशापाशी. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. कस्टम्सने या मूर्ती खेळणं म्हणून धरल्या, तर परदेशातून येणारं खोकं सोन्याच्या भावाने पडतं. म्हणून अलीकडे बरेच जण फाइल विकत घेऊन रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर मूर्ती काढून घेतात. त्यात पोलादी साचा नाही, कंटेनर नाही. तोतयांची पैदास मात्र भूमितीश्रेणीने वाढली आहे. मोठ्या कंपन्यांनी उलट रीतसर परवाने घेतले: ‘मार्व्हल झोंबीज’ने २०२२ मध्ये किकस्टार्टरवर ९० लाख डॉलर ओलांडले. त्यात स्पायडरमॅन स्वतःच्या नावानिशी येतो, निळ्या-लाल रंगांबद्दल कुणाला डोळा मारावा लागत नाही. माझ्या लेखी त्यात थोडी मजा कमी झाली.

राहिला कुत्रा. झोंबिसाइडला २०१३ मध्ये कुत्र्यांची पुरवणी निघाली, म्हणून लोक आपला पोक असलेला तपकिरी ग्रेट डेन तिच्यात बसवतात. निळा पट्टा, पिवळा बिल्ला, अंगावर दोन-चार काळे ठिपके. फक्त त्या पुरवणीतले कुत्रे शूर आहेत, झोंबींवर तुटून पडतात. हा तसं करणं शक्यच नाही. आमच्या टेबलावर त्याला वेगळा नियम आहे: झोंबी एका चौकोनाच्या अंतरावर आला की कुत्रा शॅगीच्या कडेवर, आणि शॅगीच्या तीन कृतींमधली एक कमी.