वळिवड्याचे जागले

कोल्हापूरहून मिरजेस जाणाऱ्या लोहमार्गालगत, वळिवडे गावच्या माळावर, १९४३ साली सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची जी छावणी वसली, तीत बहुसंख्या स्त्रियांची व मुलांची होती. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये सैबेरियाच्या व कझाकस्तानच्या मुलखात हद्दपार केलेली, १९४१ च्या जुलैतील पोलिश-सोव्हिएत करारामुळे बंधमुक्त झालेली आणि पुढे इराणमार्गे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागलेली ही मंडळी कोल्हापूर संस्थानच्या आश्रयास आली. खर्चाची तजवीज लंडनस्थित पोलिश सरकारकडे होती.

ज्या मुलांनी उपासमार, साथीचे ज्वर आणि आप्तांचे मरण कोवळ्या वयातच पाहिले, त्यांना संकट म्हणजे काय हे निराळे सांगण्याची गरज नव्हती. परंतु वैशाखातले ऊन, आषाढात दुथडी भरून वाहणारी पंचगंगा, फणा उभारणारा नाग आणि हिवताप यांची वर्दी त्यांना सैबेरियाने दिलेली नव्हती, आणि एवढ्या मुलांवर चोवीस तास नजर ठेवण्याइतकी वडीलधारी माणसे छावणीत कोठून असणार?

येथे त्यांच्या बालवीर-चळवळीचे, म्हणजे स्काउटिंगचे, महत्त्व ध्यानात येते. १९१० च्या सुमारास ल्वूव शहरात रुजलेली ही चळवळ वळिवड्यासही आली. स्काउटिंगचा मूळ प्रवर्तक बेडन-पॉवेल याने आपल्या बालवीरांना सज्ज राहण्याचा मंत्र दिला होता. पोलिश मुले मात्र परस्परांना अभिवादन करताना ‘चुवाय’ म्हणत, म्हणजे जागा राहा, पहारा ठेव. आमच्या गावगाड्यातील जागल्याला या शब्दाचा अर्थ कोशावाचून उमगला असता! मुलांना सावध करणे म्हणजे त्यांना भेवडावणे, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते आणि ‘बागुलबुवा येईल’ एवढ्यावर त्यांचा उपदेश संपतो. बालवीरांच्या पद्धतीत मात्र लहानशा तुकडीचा म्होरक्या वयाने थोडासाच मोठा असतो, धाकट्यांचा सांभाळ त्याच्या माथी असतो, आणि ज्याच्या शिरावर दुसऱ्याचा पहारा आहे त्याला स्वतः बेफिकीर राहण्याची सोय उरत नाही. परमुलखातील मुलांसाठी याहून शहाणा बंदोबस्त मला तरी सुचत नाही.

छावणी १९४८ साली उठली आणि ती मुले देशोदेशी पांगली. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित उतरले. त्याच वस्तीला आज गांधीनगर म्हणतात.