मलबारी
१. या शब्दाने केरळीच माणूस अभिप्रेत आहे असे धरू नये. ‘मलबार’ या किनाऱ्याच्या नावातला ‘मल’ म्हणजे डोंगर. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस हा मिरीचा किनारा ‘माले’ म्हणूनच ओळखतो. पुढचा ‘बार’ अरब-फारसी दर्यावर्दींनी जोडला, असे मानतात. पोर्तुगीज व डच यांनी मात्र नाव फार सैल वापरले. श्रीलंकेतले तमिळही त्यांच्या कागदांत ‘मलबार’च. रीयुनियन बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या मजुरांचे वंशज आजही ‘मालबार’ म्हणवले जातात, आणि त्यांचे बहुतेक पूर्वज पूर्वेकडच्या, चोळमंडल किनाऱ्यावरचे! म्हणून जुन्या दस्तऐवजात आधी बंदर पाहावे, मग भाषा ठरवावी. १७९२ नंतर इंग्रजांकडे आलेला आणि १९५६ मध्ये केरळात गेलेला मलबार जिल्हा त्या मानाने बराच आखीव. — संपादक