अद्भुताचे दोष आणि रसिकांचा न्याय

गेल्या दिवाळींत अकोल्याहून आमचीं भाचरें अमरावतीस आलीं होतीं. फराळाचीं ताटें बाजूस सारून तीं दोन दिवस एका व्हिडिओ गेमपुढें बसलीं, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांच्यांत जो वाद माजला तो ऐकून प्रस्तुत लेख लिहावा असें आम्हांस वाटलें. खेळाचें नांव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. थोरल्याचें म्हणणें, चित्रें उत्तम, पण लढाईंत जीव नाहीं; मधलीचें म्हणणें, असा देखणा खेळ तिनें पूर्वीं पाहिलाच नाहीं. शेवटल्या प्रसंगानंतर गोष्ट एकाएकीं तुटली तेव्हां थोरल्याच्या तोंडून शुद्ध वऱ्हाडी उद्गार निघाला, ‘काऊन बे, याचा शेवट कुठी गेला?’ सर्वांत धाकटा मात्र गप्प होता. या मुलाच्या वह्या चिखलदऱ्याच्या कड्यांच्या आणि भीम-कीचकाच्या चित्रांनीं भरलेल्या असतात. मोठेपणीं असेच खेळ रचावयाचे असा त्याचा मनोदय आहे. भावंडांचा निवाडा ऐकून तो हळूच म्हणाला, ‘मामा, पुण्याच्या लोकांनी एवढं करूनही त्यांना बोलणीच खावी लागतात, मग माझं काय?’ या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. राजी ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी एक अनाथ मुलगी. राखीच्या सणाच्या दिवशीं असुरांचा हल्ला होतो आणि ते तिचा धाकटा भाऊ गोलू यास पळवून नेतात. दुर्गेचा त्रिशूळ हातीं घेऊन राजी भावाच्या शोधार्थ निघते. महाबलासुर हा तिचा मुख्य शत्रु. तिच्या प्रवासाची हकीकत दुर्गा आणि विष्णु यांच्या संवादांतून आपल्या कानांवर येते. वाटेंतील भिंतींवर पुराणकथांचीं चित्रें आहेत, कांहीं प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर दाखविले आहेत, आणि वाड्यांची व किल्ल्यांची धाटणी राजस्थानची आठवण करून देणारी आहे. खेळणारानें राजी व्हावयाचें, तिच्याबरोबर उड्या मारावयाच्या, लढावयाचें आणि कोडीं सोडवावयाचीं.

हा खेळ पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळीनें रचला. इ. स. २०१७ मध्यें त्यासाठीं ‘किकस्टार्टर’वर जी लोकवर्गणी मागितली ती पुरती जमली नाहीं. तरीही मंडळी खचली नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं हा खेळ ‘निन्टेन्डो स्विच’ यंत्रावर आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षाच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या पारितोषिकांत नवोदितांच्या पहिल्या खेळांमध्यें त्याचें नामांकन झालें. पारितोषिक दुसऱ्यास मिळालें, तरी पुण्यांतील एका पहिल्या प्रयत्नाचें नांव जगापुढें आलें ही गोष्ट लहान नव्हे.

खेळणारांचें व परीक्षकांचें मत मात्र दुभंगलेलें राहिलें. चित्रें, रंग आणि संगीत यांची बहुतेकांनीं मनापासून स्तुति केली. लढाईचा तोच तोच पणा, हात आणि पडद्यावरील मुलगी यांचें न जमणें, कॅमेऱ्याची अडचणीची जागा, चारपांच तासांतच संपणारी गोष्ट आणि तिचा अधांतरीं शेवट यांबद्दल तितक्याच मोकळेपणानें तक्रारी झाल्या. या दोन पक्षांखेरीज एक तिसरा पक्ष निघाला, आणि तोच आम्हांस विशेष विचारार्ह वाटतो. हा पक्ष म्हणतो, ‘आपल्या माणसांनीं, आपल्या देवदेवतांवर, तुटपुंज्या साधनांनीं हें केलें, तेव्हां दोष पोटांत घालावे.’ हा उदारपणा योग्य कीं अयोग्य?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. मराठी कादंबरी जन्मास आली तेव्हां तिचेंही असेंच झालें होतें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. राजपुत्र, राजकन्या, अकल्पित संकटें आणि त्यांहून अकल्पित सुटका अशी ही सृष्टि होती. रिसबुडांनीं आपल्या प्रस्तावनेंत बाजूही मांडून ठेविली : आपल्या लोकांचा रोजचा संसार व विवाहाच्या चाली अशा आहेत, कीं त्यांतून मन रमविणारी गोष्ट निघणें कठीण, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते. पुढें चारच वर्षांनीं, १८७२ सालीं, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून असल्या असंभाव्य रचनेवर टीका केली.

येथें ध्यानांत घेण्याजोगें असें, कीं वाचकांनीं तीं पुस्तकें आवडीनें वाचलीं आणि टीकाकारांनीं त्यांतील दोष काढले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं चालल्या होत्या. वाचक नसते तर कादंबरी लिहिण्याचा धंदाच बसला असता. टीकाकार नसते तर ती राजवाड्यांतच अडकून पडली असती. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ १८८५ पासून प्रसिद्ध होऊं लागली, तेव्हां ज्या मध्यम वर्गाच्या संसारांत रिसबुडांस कांहींच गोष्ट दिसली नव्हती त्याच संसारांतून खरी कादंबरी निघाली. हें सारें एकट्या मराठ्यांच्या निबंधानें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोष दोष म्हणून ज्या समाजांत बोलले जातात, तेथेंच पुढील लेखकास नवी वाट शोधावीशी वाटते, एवढें यावरून खास दिसतें.

दुसरा दाखला तर आमच्या वऱ्हाडांतलाच आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) हे वकिलीच्या निमित्तानें अकोला, खामगांव आणि जळगांव-जामोद येथें राहिले. त्यांचें ‘वीरतनय’ १८९६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें. ‘मूकनायक’ १९०१ सालचें. पुराणांतील किंवा इतिहासांतील आयती कथा न घेतां स्वतःच्या कल्पनेनें संविधानक रचणें, आणि पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली मराठी पदांस देणें, हें त्यांचें नवेपण. त्यांचे दोषही तितकेच उघड होते : वेषांतरांची गर्दी, गुंतागुंतीचीं व न पटणारीं कथानकें, पात्र कोणतेंही असो, त्याच्या तोंडीं तीच कोटिबाज भाषा. प्रेक्षकांनीं पदें उचललीं, विनोदास टाळ्या दिल्या, आणि कथानकाबद्दल कुरकुर केली. राम गणेश गडकरी त्यांस गुरु मानीत. परंतु गुरूचा कल्पनाविलास आणि कोटिक्रम घेऊन त्यांत मनुष्याचें दुःख ओतण्याचें काम या शिष्यानें केलें. हेच कोल्हटकर दुसऱ्यांच्या कृतींचे कसून परीक्षण करणारे टीकाकारही होते. स्वतःच्या लेखणींत उणीव असतां दुसऱ्याची उणीव दाखविण्यास ते कचरले नाहींत, आणि आपला-परका हा भेद त्यांनीं परीक्षणांत शिरूं दिला नाहीं. १९२३ सालीं विदर्भ साहित्य संघ ज्या अमरावतींत स्थापन झाला तेथील रसिकांस ही शिस्त परकी वाटण्याचें कारण नाहीं.

आतां ‘राजी’कडे वळूं. आमच्या मतें दोषांचे तीन वर्ग करावे लागतात. पहिला वर्ग दारिद्र्याचा. खेळ चारपांच तासांत संपतो, हा पैशाचा व मनुष्यबळाचा दोष आहे. परदेशांतील मोठ्या खेळांवर शेंकडों माणसें खपतात, तेथें मूठभरांनीं केलेला खेळ आंखूड होणारच. असा दोष खरोखर पोटांत घालावा. दुसरा वर्ग अननुभवाचा. हात आणि आयुध यांचा मेळ न बसणें हा कसबांतील कच्चेपणा आहे. तो दाखवावा, पण शिकाऊ सुताराचा सांधा दाखवावा तसा. तिसरा वर्ग वचनभंगाचा, आणि तेथें मात्र क्षमा करतां येत नाहीं. ज्या बहिणीच्या भूमिकेंत आपण शिरलों ती भावाकरितां एवढी धडपडली, आणि ऐन निर्णयाच्या वेळीं गोष्ट आपणांस वाऱ्यावर सोडून निघून गेली, तर खेळणारास फसल्यासारखें वाटणें न्याय्य आहे. आमच्या भाच्याचा ‘शेवट कुठी गेला’ हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो त्या मुलीच्या दुःखांत शिरला होता, म्हणूनच त्यास राग आला. ज्यास गोष्टीची पर्वा नाहीं तो शेवट विचारीत नाहीं.

शिवाय पुस्तक आणि खेळ यांत एक भेद आहे. कादंबरीचें कंटाळवाणें पान वाचक उलटून जातो. नाटकांत रटाळ प्रवेश आला तर प्रेक्षक पान लावीत बसतो. खेळणारास अशी पळवाट नाहीं. दोष त्याच्या बोटांस लागतो. तीच फसलेली उडी त्यास दहा वेळां मारावी लागते. भूमिकाप्रधान खेळांत तर निर्णयही त्यासच घ्यावे लागतात. ‘अन्‌रेस्ट’ हा भारतांत रचलेला असा एक खेळ २०१४ सालीं निघाला. दुष्काळानें गांजलेल्या भीमरा नांवाच्या कल्पित नगरींत वेगवेगळ्या माणसांच्या भूमिका घेऊन, तलवारीपेक्षां संभाषणानेंच वाट काढावयाची, ही त्याची कल्पना. खेळ लहान, चलनवलन ओबडधोबड. पण दुष्काळ म्हणजे काय हें ज्या वऱ्हाडास ठाऊक आहे, तेथील मनुष्यास त्या नगरींतील प्रश्न परके वाटणार नाहींत. अशा खेळांत खेळणारा हा अर्धा कर्ता होतो, आणि म्हणून त्याच्या मताचा अधिकारही वाचकाच्या मताहून अधिक भरतो.

तेव्हां ‘आपला म्हणून चांगला’ हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. तो वरून प्रेमळ दिसतो, पण त्याच्या पोटीं ‘यांच्याकडून याहून अधिक होणें नाहीं’ ही समजूत लपलेली असते. तसेंच ‘आपला म्हणून वाईट’ हा उलट न्यायही तितकाच आळशी आहे. त्यास वस्तु पाहण्याचे श्रम नकोत. आमच्या प्रांतांत सामग्रीची वाण नाहीं. रुक्मिणीचें माहेर कौंडिण्यपूर येथेंच, तिचें हरण जेथून झालें म्हणतात तें अंबादेवीचें देऊळ आमच्या अमरावतींत, कीचकाचा दरा मेळघाटांत, आणि गाविलगडाचे भग्न दरवाजे त्याच्या शेजारीं. परंतु सामग्रीनें कला होत नाहीं. देवळाचें नांव घेतल्यानें उडी नेमकी पडत नाहीं, आणि रुक्मिणी पडद्यावर आली म्हणून संविधानक आपोआप पुरें होत नाहीं.

‘राजी’ची सुधारलेली आवृत्ति २०२२ सालीं निघाली आणि तींत हिंदी वाणी आली, कृति एकदां लोकांपुढें ठेवल्यावरही कर्त्यांनीं तिच्यावरील हात काढला नाहीं, हें आम्हांस त्यांच्या पहिल्या यशाइतकेंच मोलाचें वाटतें.

भाचरें अकोल्यास परत निघालीं त्या दिवशीं धाकट्यास आम्हीं जवळ बसविलें आणि दिवाळींतलें उत्तर तेव्हां दिलें. त्यास म्हटलें, बाबा रे, तुझ्या दादानें त्या खेळास नांवें ठेविलीं, पण दोन दिवस जेवण विसरून तो खेळला, हेंही पाहा. ज्या दिवशीं तुझा खेळ पाहून कोणी कांहींच बोलणार नाहीं, त्या दिवशीं मात्र काळजी कर. त्यानें मान हलविली आणि आपली वही पुढें केली. कीचकदऱ्याच्या चित्राखालीं त्यानें नवें पान जोडलें होतें, आणि त्यावर सर्वांत आधीं कथेचा शेवट लिहून काढला होता.