जोड्याचं निशाण

पंधराव्या शतकात ऱ्हाइनकाठचा शेतकरी घोट्यापर्यंतचा चामडी जोडा घाली आणि त्याच्या लांब वाद्या पायाभोवती गुंडाळून बांधी. या जोड्याचं नाव बुंडशू. सरदाराच्या पायात उंच बूट, टाचेला घोडा डिवचायचा काटा. माणूस कोणत्या पायरीचा, हे पायावरूनच कळे. हा जोडा बंडाची खूण झाला तो त्याच शतकात. १४९३ साली आल्सासमधल्या श्लेटश्टाटच्या कटातही तो होता.

पण त्याला खरी धार आली १५०२ मध्ये, श्पायरच्या बिशपच्या मुलखात. इथला बिशप धर्मगुरू होता तसा जमीनदारही. दशमांश त्याचा, वेठ त्याची. रान, नदी आणि कुरण यांवर हुकूम त्याचाच. वेठबिगार कुळातला कर्ता मेला की गोठ्यातलं उत्तम जनावर धन्याला द्यायची त्या भागातली रीत. बिशपच्याच उंटरग्रोम्बाख गावचा योस फ्रिट्झ हा असाच एक बांधील शेतकरी. त्याने जोडा नुसता उचलला नाही, निशाणावर त्याच्या जोडीला क्रूस आणला. देवाच्या न्यायाखेरीज दुसरं काही नको, ही त्याची मागणी. माझ्या मते डाव होता तो इथे: ज्या देवाच्या नावाने धनी वसुली करी, त्यालाच योसने आपल्या बाजूला घेतलं.

ओबरग्रोम्बाखचा गड आणि मग ब्रुखसाल शहर घ्यायचा बेत होता. तो फुटला तोही धर्माच्याच वाटेने. सामील असलेल्या एका शिपायाने पाद्र्यापुढे पापांची कबुली देताना सगळं सांगून टाकलं आणि बातमी वर पोचली. कित्येकांना मृत्युदंड झाला. योस निसटला.

१५१३ मध्ये फ्रायबुर्गजवळच्या लेहेन गावी त्याने पुन्हा जुळवाजुळव केली. आता अडचण निशाण रंगवणाऱ्या चिताऱ्याची! एकाने जोडा काढायला साफ नकार दिला. शेवटी हाइलब्रोनच्या चिताऱ्याला योसने थाप मारली: मी चांभाराचा पोरगा, लढाईत नवस बोललोय, निशाणावर बापाच्या धंद्याचा जोडा हवा. चितारी भुलला. क्रूस, मेरी, पोप, सम्राट, गुडघे टेकलेला शेतकरी आणि जोडा, सगळं एका कापडावर आलं. हाही कट फुटला, योस पुन्हा निसटला आणि पुढेही कुणाच्या हाती लागला नाही.

१५१४ साली पाम्फिलुस गेंगेनबाख या मुद्रकाने या कटावर पुस्तिका काढली. शेतकऱ्यांना दटावण्यासाठी लिहिलेल्या त्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याने लाकडी ठशाने छापलं तेच निशाण, आणि बघणाऱ्याला वाचता यायची गरज नव्हती.