गाळणारे इथले, मालक कुठले?

वर्ष १८२४. ईशान्य स्कॉटलंडमधल्या लिव्हेट नदीच्या खोऱ्यात तुम्ही चढण चढताय आणि भट्टी दिसायच्या आधीच तिचा वास येतो. जळत्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या ढेपांचा, धूर आणि आंबलेल्या जवाचा दर्प. आपल्याकडे ओढ्याकाठच्या हातभट्टीचा वास ज्याने घेतलाय त्याला इथे वाट विचारावी लागत नाही. चोरून दारू न गाळणारं घर या दरीत शोधावं लागेल. जमिनीचा खंड कुळं याच पैशातून भरतात आणि जमीनदारांनाही ते पक्कं ठाऊक आहे.

अप्पर ड्रमिनच्या शेतावर जॉर्ज स्मिथ तुम्हाला आत घेतो. त्याच्याजवळ दोन भरलेली पिस्तुलं आहेत. गेल्याच साली लंडनच्या संसदेने कायदा बदलला: वर्षाला १० पौंड परवाना फी भरा, गॅलनमागे कर द्या आणि उजळ माथ्याने धंदा करा. ड्यूक ऑफ गॉर्डनने या कायद्याचा पाठपुरावा केला होता. त्याच्याच कुळाने, म्हणजे या स्मिथने, दरीतला पहिला परवाना काढला. शेजारी खवळले. तुझ्यासकट तुझी भट्टी पेटवू, अशी धमकी त्याला आलीय. म्हणून अ‍ॅबरलोरच्या जमीनदाराने ही पिस्तुलं त्याच्या हाती दिली.

तांब्याच्या भट्टीजवळ या. वाफ मानेतून वर चढते, थंड पाण्यात बुडवलेल्या वळ्यावळ्यांच्या नळीतून उतरते आणि करंगळीएवढी धार होऊन खाली पडते. पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही. मधली तेवढी ठेवतात. रंग पाण्यासारखा, सोनेरी छटा पुढे ओकच्या पिंपात मुरल्यावर येईल. पाणी वरच्या झऱ्याचं, पीट डोंगरावरचं, आणि मालक तुमच्यासमोर बाह्या सरसावून उभा. त्याला चार पैसे सुटले तर ते याच दरीत जनावरांवर आणि नव्या शेतांवर खर्च होतील. हे चित्र नीट बघून घ्या, कारण यापुढे मालक भट्टीपासून दूर दूर जाणार आहे.

पुढची शंभर वर्षं भरभर ओलांडू. १८३० च्या सुमाराला एनियस कॉफीच्या उभ्या भट्टीचं पेटंट निघतं आणि कारखान्यातून स्वस्त ग्रेन व्हिस्की अखंड वाहू लागते. ती जवाच्या माल्ट व्हिस्कीत मिसळून सौम्य ब्लेंड तयार होतं. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांना फिलॉक्सेराची कीड लागते, ब्रँडी मिळेनाशी होते आणि लंडनचे श्रीमंत स्कॉचकडे वळतात. १८७७ मध्ये सहा ग्रेन डिस्टिलऱ्या एकत्र येऊन डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड, म्हणजे डीसीएल, उभी करतात. १८९८ मध्ये लीथची पॅटिसन कंपनी कोसळते आणि तिच्यासोबत कित्येकांचं दिवाळं निघतं. १९२५ मध्ये ब्युकॅनन-ड्युअर आणि जॉन वॉकर या कंपन्याही डीसीएलमध्ये विलीन होतात. मालक अजून बहुतेक स्कॉटिशच, पण आता एक फार मोठा झालाय.

१९६१ च्या ग्लासगोत मात्र थांबा. तिथे एल्स्पेथ, अ‍ॅग्नेस आणि एथेल या तीन रॉबर्टसन बहिणी भेटतात. आजोबांपासून चालत आलेला व्हिस्कीचा मोठा व्यवसाय त्यांच्याकडे आहे आणि तिघीही अविवाहित. त्या गेल्या की वारसाकर भरण्यासाठी कंपनी विकावी लागेल आणि परदेशी खरेदीदार टपलेलेच असतील. तिघी आपले शेअर्स एका धर्मादाय ट्रस्टच्या नावावर करतात. मॅकॅलन आणि हायलंड पार्क बनवणारी एडरिंग्टन कंपनी आजही त्या रॉबर्टसन ट्रस्टच्या नियंत्रणात आहे आणि तिचा लाभांश स्कॉटलंडमधल्या सामाजिक संस्थांपर्यंत जातो. दोनशे वर्षांच्या या इतिहासात एवढा दूरदृष्टीचा निर्णय मला दुसरा दिसत नाही.

मालक स्कॉटिश असला की सगळं भलं होतं, असं मात्र मानू नका. १९८३ च्या आयला बेटावर पोर्ट एलन डिस्टिलरीच्या फाटकाशी जाऊन बघा. जगभर मागणी घटलीय, गोदामं भरून वाहताहेत आणि डीसीएलने एका वर्षात दहाच्या वर डिस्टिलऱ्या बंद केल्यात. इथल्या कामगारांना घरी बसवणारी कंपनी स्कॉटलंडमध्येच जन्मलेली होती.

तीनच वर्षांनी ती स्वतःच लिलावात उभी राहते. १९८६ मध्ये गिनेस कंपनी अडीच अब्ज पौंडांहून जास्त मोजून डीसीएल घेते. एडिंबरात तुम्हाला लोक आशेने बोलताना ऐकू येतील, कारण गिनेसने शब्द दिलाय: नव्या समूहाचं मुख्यालय स्कॉटलंडमध्ये असेल आणि बँक ऑफ स्कॉटलंडचे गव्हर्नर सर थॉमस रिस्क अध्यक्ष होतील. सौदा पदरात पडतो आणि दोन्ही आश्वासनं गुंडाळली जातात. शेअरचे भाव फुगवल्याबद्दल गिनेसचे प्रमुख अर्नेस्ट सॉन्डर्स यांना १९९० मध्ये शिक्षा होते, पण मुख्यालय काही परत येत नाही. १९९७ मध्ये गिनेस आणि ग्रँड मेट्रोपॉलिटन मिळून डियाजिओ होते, आणि तिचा पत्ता लंडनचा.

आता २६ जुलै २००९, रविवार. तुम्ही किलमार्नॉकच्या रस्त्यावर सुमारे वीस हजारांच्या मोर्च्यात चालताय. १८२० मध्ये याच गावात जॉन वॉकर नावाच्या पोराने बाप वारल्यावर शेत विकून आलेल्या पैशातून किराणा दुकान टाकलं. पुढे जगभर गेलेला जॉनी वॉकर तो हाच. हिल स्ट्रीटवरचा बाटलीबंद करण्याचा कारखाना डियाजिओ बंद करणार, हे १ जुलैला जाहीर झालंय. सातशे नोकऱ्या जाणार. मोर्च्यात बायका आहेत, म्हातारे आहेत, खांद्यावर पोरं घेतलेले बाप आहेत. स्कॉटलंडचे मुख्यमंत्री अ‍ॅलेक्स सॅमंडही आलेत. हा ब्रँड तोट्यात नाही, गावानेही कामात कुचराई केलेली नाही. कंपनीच्या हिशेबात फाइफमधल्या लेव्हनला कारखाना वाढवणं स्वस्त पडतं, एवढंच कारण. सरकार पर्यायी योजना देतं, सप्टेंबरमध्ये ती फेटाळली जाते आणि मार्च २०१२ मध्ये शेवटची बाटली निघते. आज त्या जागेवर कॉलेज आहे. जॉनी वॉकर अजूनही शंभराहून जास्त देशांत विकली जाते, पण किलमार्नॉकमध्ये बाटलीबंद होत नाही.

कायदा इथे काहीच करू शकला नाही. स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळावी लागते, तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवावी लागते. सिंगल माल्ट तर २०१२ पासून तिथेच बाटलीत भरावी लागते. मालकाने कुठे असावं, नफा कुठे न्यावा, याबद्दल कायदा गप्प आहे. स्मिथची ग्लेनलिव्हेट आज पॅरिसच्या पेर्नो रिकारकडे आहे, ग्लेनमोरांजी फ्रान्सच्या एलव्हीएमएचकडे, बोमोर जपानच्या सनटोरीकडे. २००७ मध्ये विजय मल्ल्यांनी ५९.५ कोटी पौंडांना घेतलेली व्हाइट अँड मॅकाय २०१४ मध्ये फिलिपिन्सच्या एम्पेराडोरकडे गेली. पिंपं मुरतात त्याच गोदामात, वर्षाला सुमारे दोन टक्के दारू हवेत उडते तीही तिथेच. सह्या फक्त दुसऱ्या शहरात होतात.

परक्या भांडवलाने काहीच दिलं नाही, असंही नाही. बंद पडलेली पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली ती डियाजिओच्याच पैशाने. ज्या बाजारांत एकटा गावकरी मालक पोचला नसता तिथे या कंपन्यांनी माल पोचवला. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४१ हजार नोकऱ्या या धंद्याशी जोडलेल्या आहेत आणि २०२४ ची निर्यात ५.४ अब्ज पौंडांची होती. पण दारूवरचं शुल्क लंडनच्या तिजोरीत जातं, लाभांश जगभरच्या भागधारकांकडे, आणि दुर्गम बेटांवर उरतात ते मुख्यतः पगार.

त्याच २०२४ मध्ये भारताने १९ कोटींहून जास्त बाटल्यांइतकी स्कॉच घेतली. आकारमानात पहिला क्रमांक आपला. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क २०२१ मध्येच ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं होतं. २४ जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारानुसार केंद्राचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. त्यामुळे यापुढे आपल्या पैशाचा वाटा या धंद्यात वाढतच जाईल. डफ्टाउनला विल्यम ग्रँडचं घराणं अजून ग्लेनफिडिकचं मालक आहे, कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक पिढ्यानपिढ्या स्थानिक कुटुंबाने चालवली आणि डिंगवॉलची ग्लेनविव्हिस हजारो सामान्य भागधारकांनी मिळून उभी केली आहे. घेणाऱ्यांनी बाटलीवर दरीचं नाव वाचून थांबू नये. मालक कोण तेही बघावं आणि शक्य तिथे ज्यांचा नफा स्कॉटलंडमध्येच राहतो त्यांची बाटली निवडावी.